ब्रेक : कंपनीचे की बाहेरचे?

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे. मधली थट्टामस्करी तेवढी गाळली आहे.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आणि बजावलं, "उपयोगाचं काहीतरी सांग, पण कॉम्प्युटरचं नको." आता माझी पोटापाण्याची सोयच कॉम्प्युटरवर. पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल, माझी पदवी मेकॅनिकलची आहे. २००२ साली ती हातात आली तेव्हा पुण्यात नोकऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होत्या, म्हणून तिकडे गेले. फिरून फिरून गाडीपाशीच आले. लहानपणी जिथे उसाचे फड बघितले त्या मगरपट्ट्यात बसून आता मी गाडीतल्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर लिहिते. ब्रेकचं काम शेजारची टीम करते, पण जेवणाचा डबा आम्ही एकाच टेबलावर उघडतो. तेव्हा आजचा विषय ब्रेकचा. गाडी जोरदार असेल, ब्रेकचे भाग बदलायची वेळ आली असेल, तर ते कंपनीचे घालायचे की बाहेरचे?

हा विषय मुद्दाम निवडला. आपली मुलं, भाचे, पुतणे आता लायसन्सच्या वयात आले आहेत. जुनी टर्बो गाडी घ्यायची, तिचं इंजिन ट्यून करून घ्यायचं, मोठी अलॉय व्हील लावायची, हे त्यांचं सध्याचं वेड आहे. पैसे मागायला ती आपल्याकडेच येतात. इंजिनाची ताकद वाढवायला पैसे मागतात तेव्हा आपण ओरडतो आणि ब्रेकसाठी मागितले की सुरक्षेचं काम म्हणून लगेच देतो. माझं म्हणणं असं की ब्रेकसाठी पैसे देतानाच चार प्रश्न जास्त विचारायला हवेत.

आधी थोडं नववीचं शास्त्र. बाई, तुम्ही फळ्यावर लिहिलेलं गतिज ऊर्जेचं सूत्र मला अजून दिसतं. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. १२०० किलोची छोटी गाडी ताशी १०० किलोमीटरने जात असेल तर तिच्यात सुमारे ४ लाख ६० हजार ज्यूल ऊर्जा असते. ब्रेक दाबून ती थांबवली की ही ऊर्जा जाते कुठे? जवळजवळ सगळी उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमध्ये जाते. घरगुती हिशेब सांगायचा तर एवढ्या उष्णतेत दीड लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल. चार-पाच सेकंदांत. आणि वेग १०० चा १४० केला, तर उष्णता दीडपट होत नाही, जवळजवळ दुप्पट होते, कारण सूत्रात वर्ग आहे.

आता घाट घ्या. बोरघाटात खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण ५०० मीटर खाली येते. त्याच गाडीची ही उंची गमावण्याची ऊर्जा ५८ लाख ज्यूलच्या पुढे जाते. म्हणजे १०० च्या वेगावरून बारा-तेरा वेळा गाडी थांबवण्याइतकी. यातली काही हवेचा विरोध खातो, आणि खालचा गिअर टाकला तर इंजिन बरीच खातं. पण जो पोरगा गिअर वर ठेवून नुसता ब्रेकवर घाट उतरतो, तो चार चाकांच्या मागे बादलीभर पाणी उकळतो आहे असं समजा.

म्हणून ब्रेकच्या भागाचं खरं काम नुसतं पकडणं नाही. उष्णता घ्यायची, हवेत सोडायची आणि तरीही पकड टिकवायची. कंपनीचा भाग आणि बाहेरचा भाग यांतला फरक इथे दिसतो.

सायकलच्या दिवसांत हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. दिवे घाटातून सायकलने खाली यायचो, तेव्हा कोरड्या दिवशी ब्रेकचे रबर मस्त पकडायचे. पाऊस आला की तेच रबर रिमवरून नुसते घसरायचे आणि आपण पाय घासत यायचो. रबर तेच, रिम तीच, पण पकड वेगळी. पकड ही त्या वस्तूत कायमची भरलेली नसते. तापमान, पाणी, वेग, दाब यांवर ती बदलते.

गाडीची कंपनी पॅड निवडते तेव्हा तिच्यासमोर एक गिऱ्हाईक नसतं. जानेवारीत पहाटे पाचला थंड गाडी काढणारा असतो, मुसळधार पावसात गाडीतळावरच्या गर्दीत अडकणारा असतो, सासवडहून अख्खं कुटुंब आणि सामान भरून दिवे घाट उतरणारा असतो. त्या सगळ्यांना पहिल्याच दाबाला ब्रेक लागला पाहिजे, किंचाळला नाही पाहिजे, डिस्क लवकर झिजली नाही पाहिजे. म्हणजे कंपनीचा पॅड ही तडजोड असते, पण सगळ्यांचा विचार करून, तपासून केलेली तडजोड. त्याच डिस्कवर, त्याच कॅलिपरवर, त्याच टायरवर आणि त्याच एबीएसच्या सॉफ्टवेअरबरोबर ती तपासलेली असते. आपल्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. तिथे गाड्यांच्या ज्या तपासण्या होतात त्यांत ब्रेकही असतात.

शर्यतीचा पॅड ही दुसऱ्या टोकाची वस्तू. तो कित्येकशे अंशांवर उत्तम चालतो, आणि म्हणूनच थंड असताना अनेकदा कमी पकडतो. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर फेरीमागून फेरी मारणाऱ्याला तो हवाच. पण हडपसर ते स्वारगेट जाणाऱ्याचा पॅड त्या तापमानाला पोहोचतच नाही. वैदूवाडीच्या सिग्नलला समोर माणूस आला, तर त्याच्या हाती महागडा पण थंड, अर्धवट पकडणारा पॅड. बॉक्सवर 'रेसिंग' लिहिलेलं वाचून आपल्याला वाटतं हा जास्त चांगला असेल. तो चांगलाच असतो, पण दुसऱ्या कामासाठी.

एक गैरसमज आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही आला होता, तो दुरुस्त करते. मोठी डिस्क, मोठा कॅलिपर घातला की गाडी कमी अंतरात थांबते, असा. बघा, जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस लागत असेल, पायाखाली पेडल थरथरत असेल, तर याचा अर्थ ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपुढे गेली आहे. त्यापुढे अंतर टायर आणि रस्ता ठरवतात. ब्रेक कितीही मोठा केला तरी त्या एका थांबण्याचं अंतर फारसं कमी होत नाही. मोठ्या डिस्कचा फायदा होतो तो दहाव्या, पंधराव्या वेळी, कारण तिच्यात उष्णता मावते जास्त. म्हणजे घाटात आणि ट्रॅकवर. एकदाच कचकन थांबण्यासाठी पैसे खर्च करायचे असतील, तर ते चांगल्या टायरवर करा.

उलट, बेहिशेबी बदलाने अंतर वाढूही शकतं. पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकची वाटणी कंपनीने मोजूनमापून केलेली असते. पुढे मोठ्या पिस्टनचा कॅलिपर घातला आणि मागे काहीच बदललं नाही, तर पुढची चाकं लवकर घसरायला लागतात आणि मागच्यांकडून पुरेसं काम होत नाही. मास्टर सिलिंडर जुनाच राहिला तर पेडल जास्त खोल जातं. आणि मग आमचं सॉफ्टवेअर येतं. एबीएसचं युनिट सेकंदात अनेकदा दाब सोडतं आणि पुन्हा भरतं. किती दाबाला किती ब्रेक लागेल याचा अंदाज त्याला कंपनीने मूळ पॅड-डिस्क घालून शिकवलेला असतो. तुम्ही भाग बदलता तेव्हा ते युनिट काही नवीन शिकत नाही. ते जुन्याच अंदाजाने काम करतं. डब्याच्या टेबलावरचा माझा एक सहकारी म्हणतो, "आम्ही दोन-दोन हिवाळे बर्फावर गाड्या घसरवून आकडे बसवतो आणि लोक एका रविवारी ते निकामी करतात."

आता मागच्या वर्षीची गोष्ट. माझा भाचा, वय तेवीस. त्याने जुनी टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतली. इंजिन ट्यून केलं. मग घरातल्यांना बरं वाटावं म्हणून ब्रेकही 'अपग्रेड' केले. भोकं पाडलेल्या डिस्क, लाल रंगाचे पॅड, पन्नास हजारांच्या वर खर्च. मुंबईहून रात्री बोरघाट चढून आला, लोणावळ्यात चहा प्यायला आणि मित्राला सोडायला पुन्हा खोपोलीकडे उतरला. वेगात. घाट संपता संपता पेडल मऊ लागलं, पुढच्या वळणाला जवळजवळ तळाला गेलं. त्याने गिअर पाडले, हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि गाडी कडेला लावली. कोणाला काही झालं नाही. पण समोर एक एसटी होती आणि तिच्यात माणसं होती, हे त्याने आम्हाला दोन दिवसांनी सांगितलं. माझ्या बहिणीने ते ऐकून जे तोंड केलं, ते मी विसरणार नाही.

गाडी आपल्या वर्गातल्या गॅरेजवाल्याकडे आणली. तो इथेच तिसऱ्या रांगेत बसला आहे, नाव घेतलं तर लाजेल. त्याने चाकं उघडली आणि आधी नवे भाग बघितलेच नाहीत. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं. ऑइल चहासारखं काळपट. भाच्याला विचारलं, "हे कधी बदललंस?" भाचा म्हणाला, "तेही बदलायचं असतं का, काका?"

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, तो त्याचा स्वभावच आहे. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की तीच किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ ची तर २०५ वरून १४० वर. आपल्या पावसाळ्यात, त्यातून कोकणात ये-जा असेल तर, दोन वर्षांत ते बदललेलं बरं. ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. आपण पेडल दाबतो आणि सगळा जोर बुडबुडे दाबण्यात जातो. ब्रेक फेल झाला म्हणतात तो अनेकदा असा. पन्नास हजारांचे भाग होते आणि काही शे रुपयांचं ऑइल राहिलं होतं.

मग त्याने पॅड काढून उलटा केला आणि मला म्हणाला, "वाच." वाचायला काहीच नव्हतं. चांगल्या पॅडच्या पाठीवर बनवणाऱ्याचं नाव, बॅचचा नंबर आणि बहुतेकदा घर्षणाची दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर साध्या तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. 'एफएफ' लिहिलं असेल तर थंड-गरम दोन्हीकडे पकड सारखी टिकते असा अर्थ. 'एफई' असेल तर तापल्यावर उतरते. युरोपात बदली पॅडसाठी 'आर ९०' नावाचा नियम आहे. बदली पॅडची ताकद मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आतबाहेर असली पाहिजे, जास्त खालीही नको आणि जास्त वरही नको. तशी मंजुरी असेल तर पाठीवर तो शिक्का असतो. भाच्याच्या लाल पॅडवर यातलं काही नव्हतं. डिस्कच्या भोकांभोवती केसासारख्या बारीक भेगा दिसत होत्या. भोकांनी पाणी आणि धूळ निघून जायला मदत होते, हे खरं. पण साध्या डिस्कला नुसती ड्रिलने भोकं पाडली तर भेगा तिथूनच सुरू होतात.

इथे कोणी म्हणेल, मग सरळ सांग की कंपनीचंच घ्या. पण तेही पूर्ण खरं नाही. गाडीची कंपनी पॅड स्वतः बनवत नाही. ब्रेक्स इंडिया, राणे ब्रेक लायनिंग यांच्यासारखे ब्रेकचे स्वतंत्र कारखाने आपल्याकडे साठ वर्षांपासून आहेत. ते गाडीच्या कंपन्यांना भाग पुरवतात आणि स्वतःच्या नावाच्या बॉक्समध्येही विकतात. तो 'बाहेरचा' माल अनेकदा त्याच दर्जाचा आणि स्वस्त असतो. ब्रेम्बोचं नाव पोरांच्या तोंडी असतं. इटलीतली ही कंपनी १९६१ मध्ये सुरू झाली आणि १९७५ पासून फेरारीच्या फॉर्म्युला वन गाड्यांना ब्रेक देते. तिचा दुचाकींच्या ब्रेकचा कारखाना आपल्या चाकणला आहे. बजाजच्या चाकणच्याच कारखान्यातून २०१२ मध्ये बाजारात आलेल्या केटीएम ड्यूकवर 'बायब्रे' लिहिलेले ब्रेक आहेत, ते याच घरचे. म्हणजे जे नाव पोरं बाहेरचं म्हणून मिरवतात, ते कितीतरी गाड्यांवर कंपनीतूनच बसून येतं. तेव्हा दुकान कोणतं, यावरून फारसं ठरत नाही.

आपला गॅरेजवाला मित्र स्वतः बाहेरचे भाग बसवतो. त्याचा एक गिऱ्हाईक वर्षातून एकदा करीच्या ट्रॅकवर जातो. त्याला तो जाण्याआधी ट्रॅकचे पॅड आणि ताजं ऑइल घालून देतो आणि परत आला की घरचे पॅड पुन्हा बसवतो. भाच्याच्या गाडीला मात्र त्याने मूळ मापाच्या डिस्क, अक्षरं वाचता येतील असे रस्त्याचे पॅड आणि नवं डॉट ४ घातलं. भाच्याने विचारलं, "काका, हे जरा साधं नाही वाटत?" तो म्हणाला, "एसटीतल्या माणसांना विचार."

मी यावर बराच विचार केला. माझ्या धंद्यात आम्ही दुसऱ्याने लिहिलेलं सॉफ्टवेअर घेतो तेव्हा आधी विचारतो, याच्या चाचण्या कुठे आहेत? ब्रेकचंही तसंच आहे. पॅडचा तुकडा दिसायला कोणालाही बनवता येतो. नाना पेठेत किंवा कुठल्याही मोठ्या बाजारात हुबेहूब बॉक्स, हुबेहूब छपाई असलेला नकली माल येऊ शकतो. आपण पैसे देतो ते त्या तुकड्यामागे झालेल्या तपासणीसाठी. ज्या भागामागे कोणाचीच तपासणी नाही, त्याची पहिली चाचणी आपलं मूल करतं, तीही रस्त्यावर, इतर माणसांच्या मध्ये.

म्हणून पोरं पैसे मागायला आली की हे विचारा. गाडी कुठे चालणार आहे, शहरात, घाटात की ट्रॅकवर? पॅडच्या पाठीवर काय लिहिलं आहे, त्याचा फोटो दाखव. बिल आणि बॅच नंबर मिळणार का? बाकीच्या यंत्रणेचं काय, ऑइल, होज, मागचे ब्रेक, टायर? आणि पेडल मऊ लागलं, गाडी एका बाजूला ओढली, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, तर उद्या बघू असं म्हणू नका.

एक कायद्याची गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. झिजलेल्या पॅडच्या जागी त्याच मापाचे चांगले पॅड घालणं वेगळं आणि यंत्रणेची मापंच बदलणं वेगळं. दुसरं करायचं असेल तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा.

सर, तुम्ही वर्गात म्हणायचात, उत्तर बरोबर असेल तर रीत दाखव. ब्रेकच्या दुकानदारालाही तेच म्हणायचं आहे. रीत दाखवली तर माल बाहेरचा असला तरी घ्या. दाखवता आली नाही तर माल कितीही लाल असला तरी परत करा.

शेवटी एक सूचना. आपला मित्र ब्रेक ऑइलमधलं पाणी मोजायचं पेनासारखं यंत्र घेऊन आला आहे. जेवण झाल्यावर तो पार्किंगमध्ये उभा राहील. एका गाडीला अर्धा मिनिट लागतं, पैसे घेणार नाही असं त्याने मला सांगितलं आहे. आधी शिक्षकांच्या गाड्या, मग घाट उतरून परत जाणाऱ्यांच्या, मग आपल्या. बासुंदीच्या नादात विसरू नका.